वेगवेगळ्या मंडळ्यांच्या कुटुंबांनी मिळून लेंथ कसा पाळावा?

प्रश्न असा आहे. पुण्यात वडगावशेरीतल्या एका सोसायटीत वेगवेगळ्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चपंथांची, नऊ ख्रिस्ती कुटुंबं राहतात: चार कॅथलिक, तीन सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), एक मेथडिस्ट आणि एक मार थोमा (केरळातली जुनी मंडळी). रविवारी कुणी क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जातं, कुणी गुरुवार पेठेत पंचहौद चर्चला, कुणी जवळच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये. नाताळला सगळे एकत्र येतात, पण लेंथमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, प्रत्येक जण आपल्या घरात. 2027 चा लेंथ मिळून पाळायचा आहे. काय एकत्र करता येईल, काय टाळावं, आणि मुलं व आजारी माणसांच्या उपवासाचं काय?

माझा सल्ला सुरुवातीलाच सांगतो. आठवड्यातला एक तास, त्यानंतरचं एक साधं जेवण आणि पैशांचा एक डबा, एवढंच सामायिक ठेवा. राख (लेंथच्या पहिल्या दिवशी कपाळाला लावतात ती), प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी), पापनिवेदन आणि गुड फ्रायडेची उपासना ज्याची त्याने आपल्या मंडळीत करावी. असे गट बहुतेक दोन कारणांनी मोडतात. एक तर पहिल्याच उत्साहात रोजची प्रार्थना ठरते आणि दुसऱ्या आठवड्यात चारच माणसं उरतात. नाहीतर कुणीतरी प्रेमाने म्हणतं, "आपण घरीच भाकर मोडू या", आणि कॅथलिक कुटुंब अवघडून गप्प बसतं. कॅथलिकांना इतर मंडळ्यांतलं प्रभुभोजन घेता येत नाही, आणि त्यांच्या मिस्सेत इतरांना ते सहसा दिलं जात नाही. हा भेद दुखरा आहे, खरा आहे, आणि तो सोसायटीच्या हॉलमध्ये सुटणारा नाही. म्हणून तिथे भाकर आणि द्राक्षारस मांडूच नका. "नुसती प्रतीकात्मक" सुद्धा नको.

आधी दिनदर्शिका हातात घ्या. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आणि ईस्टर 28 मार्चला आहे. 10 फेब्रुवारी ते 27 मार्च हे 46 दिवस होतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. "रविवारी मटण खाल्लं तर लेंथ मोडला का?" या नेहमीच्या शंकेचं उत्तर त्यातच आहे. मार थोमा कुटुंबाचा हिशेब मात्र वेगळा: त्यांचा पन्नास दिवसांचा मोठा उपवास दोन दिवस आधी, सोमवारी सुरू होतो आणि ती मंडळी बहुधा अखेरपर्यंत मांस-मासे वर्ज्य करतात. सगळ्यांच्या जेवणाचं ठरवताना त्यांचा नियम धरा. कडक नियमाच्या माणसाला सैल जेवण चालत नाही, उलट चालतं.

वार मंगळवार ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी बहुतेक कॅथलिक देवळांत क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थानकं स्मरत केलेली प्रार्थना) असते, बुधवारी किंवा शुक्रवारी इतर मंडळ्यांत लेंथच्या खास उपासना असतात. त्यांच्याशी टक्कर झाली की माणसं ओढाताणीत सापडतात आणि पाळकसाहेब किंवा फादर यांनाही वाटतं की आपली मंडळी फोडली जाते आहे. मंगळवार सहा मिळतात: 16 आणि 23 फेब्रुवारी, मग 2, 9, 16 आणि 23 मार्च. वेळ साडेसात ते साडेआठ. सगळे जमले नाहीत तरी साडेसातलाच सुरू करा; दोन आठवड्यांत लोक वेळेवर यायला लागतात. सुरू करण्याआधी चारही मंडळ्यांच्या पाळकांना आणि फादरना प्रत्यक्ष भेटून सांगा. परवानगीचा सूर नको, कळवण्याचा असू द्या.

त्या तासाचा गाभा म्हणजे शास्त्रवाचन आणि मौन. पाश्चात्त्य मठांत शतकानुशतकं चालत आलेली एक पद्धत आहे: वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत चिंतन अशा चार पायऱ्यांची. बाराव्या शतकात ग्वीगो नावाच्या मठवासीयाने त्या नीट मांडल्या. ही पद्धत कुठल्याही एका मंडळीची खूण बनलेली नाही, म्हणून मिश्र गटाला ती सोसते. उतारा आठ ते पंधरा ओळींचाच घ्या, सबंध अध्याय नको. एकाने सावकाश वाचावा. दोन मिनिटं शांतता. दुसऱ्या आवाजात, शक्यतो बाईच्या नाहीतर मुलाच्या, पुन्हा वाचन. आता प्रत्येकाने मनात अडकलेला एक शब्द किंवा एक ओळ फक्त म्हणायची, स्पष्टीकरण द्यायचं नाही. मग पाच मिनिटं मौन. त्यानंतर ज्याला वाटेल त्याने दोन वाक्यांत प्रार्थना करायची.

बिघडतं ते नेहमी त्याच जागी. एक शब्द म्हणायच्या वेळी कुणीतरी प्रवचन सुरू करतो. तो माणूस वाईट नसतो, बहुधा सगळ्यांत जास्त वाचलेला असतो. त्याला आधीच वाचकाचं काम द्या, म्हणजे बोलण्याची भूक वाचनात भागते. दुसरी अडचण मौनाची. सवय नसलेल्या गटाला पाच मिनिटं फार लांब वाटतात: कुणी खोकतं, कुणी घड्याळ बघतं, आतून कुकरची शिट्टी होते. म्हणून पहिल्या मंगळवारी दोन मिनिटं, तिसऱ्याला चार, चौथ्याला पाच असं वाढवत न्या. आणि खिचडीचा कुकर साडेसातच्या आत उतरवून ठेवा.

पहिले चार मंगळवार पुढचे उतारे चालतील: मत्तय 4:1-11, अरण्यातली परीक्षा, लूक 18:9-14, परूशी आणि जकातदार, योहान 4:5-15, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, लूक 15:11-24, हरवलेला मुलगा. चारही मराठी माणसाच्या कानावरून गेलेले आहेत, म्हणूनच ते मुद्दाम सावकाश वाचावे लागतात. "हे मला माहीत आहे" असं वाटलं की कान बंद होतो.

भाषेचे खटके आधीच काढून टाका. कॅथलिक 'क्रूस' म्हणतात, इतर 'वधस्तंभ'. एकाची 'मिस्सा', दुसऱ्याचं 'प्रभुभोजन'. ज्याने त्याने आपला शब्द वापरावा, कुणी कुणाला दुरुस्त करू नये. खरी गडबड प्रभूच्या प्रार्थनेत होते. मराठी मजकूर मंडळीगणिक थोडा वेगळा आहे, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच आवाज एकमेकांवर आदळतात. शेवटी कॅथलिक "वाईटापासून सोडव" इथे थांबतात आणि बाकीचे "कारण राज्य, सामर्थ्य व गौरव" म्हणत पुढे जातात. थांबलेल्यांना वाटतं आपण मागे राहिलो, पुढे गेलेल्यांना वाटतं आपण उर्मटपणा केला. एक मजकूर कागदावर छापा, आणि त्या जागी सगळ्यांनी एक श्वास थांबून मग शेवटची ओळ मिळून म्हणायची असं ठरवा. छोटी गोष्ट आहे, पण दर आठवड्याला तोच अवघडलेला क्षण टळतो.

गाण्यांत 'हालेलूया' असलेली गाणी ईस्टरपर्यंत बाजूला ठेवा. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेत लेंथभर तो शब्द उच्चारत नाहीत, इतरांनाही सहा आठवडे थांबायला अडचण नसते. आणि ईस्टरच्या पहाटे तो शब्द पहिल्यांदा तोंडातून निघतो तेव्हा काय होतं ते अनुभवाच. 'उपासना संगीत' सीएनआय आणि मेथडिस्टांच्या हाताशी असतं, कॅथलिकांची पुस्तकं निराळी. तीनच गाणी निवडा, सगळ्यांना येणारी, आणि सहाही आठवडे तीच गा. पेटीवाल्याला पट्टी खाली घ्यायला सांगा. घरात वीस माणसं बसून गातात तेव्हा वरची पट्टी ओरड्यासारखी होते.

मराठी ख्रिस्ती माणसाकडे एक ठेवा आहे जो मिश्र गटातच खुलतो. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यानंतर तीन शतकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतलं, आणि त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट, विषय एकच: प्रभूचं चरित्र, मराठी पद्यात. चौथ्या मंगळवारी दोन्हींतल्या दुःखसहनाच्या दहा-दहा ओव्या वाचा. स्टीफन्सची भाषा जुनी आहे, कोकणी वळणाची आहे. वाचणाऱ्याने घरी दोनदा मोठ्याने वाचून यावं, नाहीतर तिसऱ्या ओवीला जीभ अडते. हे वाचन झालं की कुणी कुठल्या देवळातून आलं आहे हे काही काळ आठवत नाही.

आता उपवास. इथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे: उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे आपल्याकडेही शिरलं आहे. लेंथच्या उपवासात विशिष्ट पदार्थ चालतो की नाही हा मुद्दा दुय्यम. कमी खाणं, साधं खाणं आणि वाचलेलं दुसऱ्याला देणं, या तीन गोष्टी जुळल्या तरच तो उपवास. कॅथलिकांसाठी नियम स्पष्ट आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी 18 पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंतच्या माणसांनी एकच पूर्ण जेवण घ्यायचं. आणखी दोन वेळा थोडं खाता येतं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये. मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षांपासून पुढे. इतर मंडळ्यांत असं वय आणि माप ठरवलेलं नाही, तिथे ज्याचं त्याने ठरवायचं. गटासाठी एकच नियम करू नका. मंगळवारचं रात्रीचं जेवण तेवढं एक ठेवा.

ते जेवण म्हणजे मऊ खिचडी आणि ताक. वीस माणसांना तांदूळ सव्वा किलो, मूगडाळ 600 ग्रॅम, ताक 3 लिटर. फोडणीला हिंग, जिरं, हळद आणि पळीभर तेल. पाणी तांदूळ-डाळीच्या चौपट, म्हणजे वाढताना ती सैल राहते. मार थोमा कुटुंब दूधदुभतंही टाळत असेल तर त्यांच्यासाठी ताकाऐवजी कोकमाचं सार. लोणचं नको, पापड नको, गोड नको. पहिल्या आठवड्यात हे पाळलं जातं. तिसऱ्या आठवड्यात एखादी ताई मायेपोटी कोशिंबीर आणते, चौथ्याला भजी येतात, आणि पाचव्याला ज्या घरी पाळी असते त्या घरावर ओझं येतं. हे थांबवायला एकच उपाय आहे: स्वयंपाक एकाच घरी, शिधा सगळ्यांकडून, आणि बाहेरून काहीही आणायचं नाही असं पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगून टाकायचं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, आणि रोज शारीरिक कष्ट करणारे यांनी अन्नाचा उपवास करू नये. त्यांनी काही वेगळं सोडावं. इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं तर साखर झपाट्याने खाली येते; "प्रभू सांभाळेल" म्हणत कुणी हे करू नये आणि कुणी कुणाला करू देऊ नये. मार्चमध्ये पुण्यात ऊन चढतं, पाणी कुणीच वर्ज्य करायचं नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत असतात. त्या मुलांना जेवणाचा उपवास लावू नका, त्यांचा नेहमीचा डबा आणि झोप तशीच ठेवा. लहान मुलांनी जेवताना मोबाइल बाजूला ठेवणं पुरे, पण तेव्हा आईवडिलांचाही मोबाइल बाजूला हवा.

होळी पौर्णिमा 2027 मध्ये झावळ्यांच्या रविवाराला (ईस्टरच्या आधीचा रविवार, 21 मार्च; त्या दिवशी चर्चमध्ये झावळ्या वाटतात) लागूनच येते. शेजारच्या काकू पुरणपोळी घेऊन येतील. ज्याने गोड सोडलं असेल त्यानेही ती दोन्ही हातांनी घ्यावी. खायची की घरातल्या दुसऱ्याला द्यायची ते नंतर ठरवता येतं. दारात उभं राहून "आमचा उपवास आहे" सांगणं हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने जे नको म्हटलं आहे नेमकं तेच.

डब्याबद्दल. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, झाकणाला चीर पाडून. शुक्रवारी मटण-चिकन आणि बाहेरचं खाणं टाळून जे वाचेल ते मंगळवारी त्यात टाकायचं. पाकिटावर नाव नाही, वहीत नोंद नाही. नऊ घरांनी सहा शुक्रवार दोनशे-दोनशे रुपये टाकले तर 10,800 होतात. प्रत्यक्षात कुणी पन्नास टाकेल, कुणी पाचशे, आणि कुणाला कळणार नाही, हेच चांगलं. पैसे कुणाला द्यायचे हे पहिल्या मंगळवारीच ठरवा. शेवटी ठरवायला गेलात तर वाद होतो, कारण तोपर्यंत प्रत्येकाच्या मनात एक गरजू माणूस तयार असतो. सोसायटीत काम करणाऱ्या ताईंच्या मुलांची शाळेची फी हा चांगला पर्याय आहे; शाळा जूनमध्ये उघडतात, तोपर्यंत रक्कम राखून ठेवता येते. मात्र धर्म विचारून मदत करू नका, आणि मदतीबरोबर पत्रक देऊ नका.

पाचव्या मंगळवारी क्रुसाची वाट घ्या, पण नेहमीची नाही. पारंपरिक चौदा स्थानकांतली काही शास्त्रात नाहीत: तीनदा पडणं, वाटेत आईची भेट, वेरोनिकाचा रुमाल. तिथे प्रॉटेस्टंट मंडळी बिचकतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 मध्ये रोमच्या कॉलोसियममध्ये चौदाही स्थानकं शुभवर्तमानातली असलेली वाट वापरली. गेथशेमानेतून सुरुवात, मग यहूदाचा विश्वासघात, धर्मसभेपुढे उभं राहणं, पेत्राचा नकार, पिलात, फटके आणि काट्यांचा मुकुट, वधस्तंभ खांद्यावर घेणं, कुरेनेचा शिमोन, यरुशलेमच्या स्त्रिया, खिळणं, पश्चात्तापी चोर, वधस्तंभाजवळ आई आणि शिष्य, मृत्यू, आणि अखेर कबर. मिश्र गटाला हीच द्या. सोसायटीच्या गच्चीवर चौदा कागद कठड्याला लावा. चिकटपट्टी वाऱ्यात टिकत नाही, क्लिपा लावा किंवा वर दगड ठेवा. प्रत्येक ठिकाणी पाच-सहा ओळींचं वाचन, एक मिनिट शांतता, आणि पुढे चालताना गाण्याची एक ओळ, असे तीन-तीन मिनिटांत 42 मिनिटं होतात. क्रूस हलका, चार फुटी करा आणि प्रत्येक स्थानकाला वेगळ्या माणसाच्या हाती द्या. आजी-आजोबांसाठी सातव्या आणि बाराव्या स्थानकाजवळ खुर्च्या ठेवा. सेक्रेटरींना आदल्या आठवड्यात सांगा, माईक लावू नका.

सहावा मंगळवार, 23 मार्च, मेणबत्त्यांचा. मेजावर सात मेणबत्त्या, आणि आतल्या खोलीत एक पेटती समई किंवा जाड मेणबत्ती. पंखे बंद, ट्यूबलाइट बंद. वधस्तंभावरच्या सात उद्गारांतला एकेक वाचायचा आणि एकेक ज्योत विझवायची: लूक 23:34, लूक 23:43, योहान 19:26-27, मार्क 15:34, योहान 19:28, योहान 19:30, लूक 23:46. फुंकर मारू नका, मेण उडतं. छोटी वाटी उपडी धरून विझवा. सातवी विझल्यावर पूर्ण अंधारात तीन मिनिटं. मग आतली ज्योत बाहेर आणून मेजावर ठेवायची आणि काही न बोलता सगळ्यांनी घरी जायचं. लहान मुलांना अंधाराची कल्पना आधी द्या. त्या दिवशी जेवण नको, ते आधीच उरकून घ्या.

रोज रात्री प्रत्येकाने घरी दहा मिनिटं दिवस तपासावा, जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांच्या रीतीने: आज काय मिळालं त्याबद्दल आभार, प्रकाशाची विनंती, सकाळपासून दिवस उलगडून पाहणं, चुकलं त्याची क्षमा मागणं, उद्याचं एक काम ठरवणं. झोपताना अंथरुणात नको, झोप लागते. इथे पुण्याच्या संदर्भात एका शब्दाबद्दल बोलायला हवं. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदींवर बहिष्काराचा प्रसंग आला आणि त्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. 'प्रायश्चित्त' म्हटलं की आपल्या कानात ती दंडाची छटा येते: ठरलेला विधी केला की सुटका. बायबलमधल्या पश्चात्तापाचा अर्थ मन वळणं. लेंथला 'प्रायश्चित्तकाळ' म्हणणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तर रात्रीची दहा मिनिटं स्वतःला बडवण्यात जात नाहीत.

राखेबद्दल, कारण लहान मंडळ्यांत ती बहुधा सभासदच तयार करतात. मागच्या वर्षीच्या झावळ्या दोन दिवस उन्हात कडक वाळवा, कात्रीने बोटभर तुकडे करा आणि जाड लोखंडी कढईत, उघड्यावर, थोड्या-थोड्या जाळा. एकदम टाकल्या की धूर होतो आणि अर्धवट जळलेल्या काड्या उरतात. पूर्ण थंड झाल्यावर खलात कुटा आणि चहाच्या गाळणीतून, मग मलमलीतून चाळा. तीन चहाचे चमचे बारीक राख शंभर माणसांना पुरते. तिच्यात पाणी कधीही घालू नका. वनस्पतीच्या राखेतले क्षार पाण्यात विरघळले की दाहक द्रव बनतो आणि कपाळावर फोड येऊ शकतात. कोरडी लावा, किंवा दोन-तीन थेंब तेल. ज्यांच्या मंडळीत राख लावत नाहीत त्यांना त्या बुधवारी कुणी "तुझं कपाळ कोरडं कसं?" असं विचारू नये.

21 मार्चला मिळालेल्या नव्या झावळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. पावसाळ्यात बुरशी धरतात. क्रुसामागे किंवा तसबिरीमागे मोकळ्या खोचा, नाहीतर सुती पिशवीत घालून कपाटावर ठेवा. ईस्टरनंतरच्या सोमवारी दोन वेगळ्या मंडळ्यांच्या माणसांनी डबा उघडून रक्कम मोजावी, आणि त्याच भेटीत नऊ घरांपैकी एका घराकडे पुढच्या जानेवारीत सगळ्यांच्या जुन्या झावळ्या गोळा करण्याचं काम सोपवावं.